काळजीने कॅन्सर होतो का?

"डॉक्टरसाहेब, पोरगा गेला तवापासून यायनं लय घोर घेतला. त्यानंच कॅन्सर झाला ना?" अकोल्याकडच्या एका बाईंनी नवऱ्याबद्दल मला विचारले. नापिकी-कर्जाने खचलेल्या घरांतून, अमरावतीतही, हाच प्रश्न येतो.

दुःखामुळे थेट कॅन्सर होतो, असे सिद्ध झालेले नाही. युरोपातील सुमारे १ लाख १६ हजार लोकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कामाच्या ताणाचा फुप्फुस, स्तन, मोठे आतडे व प्रोस्टेट यांच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

मात्र ताण व्यसन वाढवतो. या गृहस्थांचा खर्रा वर्षानुवर्षांचा. मुलगा गेल्यावर दिवसाला दोनाचे सहा झाले. खर्ऱ्यातील तंबाखू आणि सुपारी, दोन्ही कॅन्सरकारक आहेत.

म्हणून रुग्णाला "तुम्ही फार काळजी केली" असा दोष देऊ नका. घरच्या कुणावरही तो ढकलू नका. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा स्तनात गाठ लागली, तर "टेन्शन असेल" म्हणून अंगावर काढू नका. लगेच तपासून घ्या. आणि घरात कुणी दुःखात असेल, तर त्याच्याजवळ बसा. खर्ऱ्याची पुडी वाढते आहे का, तेही पाहा.