यमकाचा न्याय कानापाशीं

गेल्या पंधरवड्यांत आमच्या नातीनें आम्हांस एका साध्या प्रश्नांत हरविलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

ती येथें हिंगोलीसच इंग्रजी शाळेंत सहाव्या इयत्तेंत आहे. आईवर चार ओळींची इंग्रजी कविता रचतांना तिला 'लव्ह' या शब्दाशीं जुळणारा शब्द हवा होता. आम्हीं तत्काळ 'मूव्ह' सांगितला. तिनें तो मोठ्यानें म्हणून पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, हा जुळत नाहीं." आम्हीं स्पेलिंग लिहून दाखविलें. शेवटचीं तीन अक्षरें तींच! "अक्षरें जुळतात हो, पण ऐकायला कुठें जुळतात?" आम्ही रागावलों. ती वही मिटून उठून गेली.

राग ओसरल्यावर दोष आमचाच दिसला. आम्ही इंग्रजी डोळ्यांनीं शिकलों आणि मुलांनाहि तसेंच शिकविलें. मराठींत बहुधा लिहिल्याप्रमाणें वाचतां येतें. इंग्रजीचा प्रकार निराळा. इंग्लंडांत कॅक्स्टननें १४७६ मध्यें छापखाना घातला. पुढें स्पेलिंग हळूहळू स्थिर होत गेलें, उच्चार मात्र बदलत राहिले. म्हणून 'कॉफ' म्हणजे खोकला, 'थ्रू' म्हणजे मधून, 'दो' म्हणजे जरी आणि 'बाउ' म्हणजे फांदी, या चारहि शब्दांचा शेवट ओ, यू, जी, एच याच अक्षरांनीं होतो, तरी यमक एकाचेंहि दुसऱ्याशीं जुळत नाहीं. उलट 'काइट', 'नाइट' आणि 'हाइट' यांचें स्पेलिंग वेगळें, पण यमक निर्दोष. 'लव्ह' व 'मूव्ह' ही जोडी जुन्या इंग्रज कवींनीं वापरली आहे खरी. परंतु आजच्या उच्चारांत तें केवळ डोळ्यांचें यमक होय.

नियम असा: शब्दांत जेथें आघात पडतो, तेथील स्वरापासून शेवटपर्यंतचे ध्वनि तेच असावेत, आणि त्या स्वरापूर्वींचें व्यंजन भिन्न असावें. मोरोपंतांच्या यमकांत तीच अक्षरें जशींच्या तशीं फिरून येतात व अर्थ बदलतो, हें आपल्याकडे भूषण. इंग्रजींत तसें सहसा रुचत नाहीं.

शब्द शोधण्याची युक्ति आपल्याच वर्णमालेंत आहे. शब्द देवनागरींत लिहावा, 'अव्ह' हा शेवट धरावा आणि क-ख-ग क्रमानें एकेक व्यंजन पुढें लावून पाहावें: ग्लव्ह, डव्ह, अबव्ह, शव्ह. मात्र एक सावधगिरी हवी. देवनागरींत आघात दिसत नाहीं. 'बिगिन' व 'कॅबिन' कागदावर जुळलेले वाटतात. पण पहिल्याचा आघात शेवटीं, दुसऱ्याचा आरंभीं, म्हणून पूर्ण यमक होत नाहीं. अखेरचा निवाडा कानाचाच.

हें आम्हांस नव्यानें कळावें, याचीच लाज वाटली. नामदेवांचें जन्मस्थान मानलेली नरसी आमच्याच जिल्ह्यांत. मोठ्या अभंगाच्या दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें यमक टाळमृदंगाच्या गजरांत ऐकतच आम्ही वाढलों. आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. पहांटे जात्यावर ती ओवी म्हणे, तेव्हां तिचें यमक कधीं चुकल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. जें तिला कानानें साधलें, तें आमच्या इतक्या वर्षांच्या खडूफळ्यास साधलें नाहीं!

सायंकाळीं नातीस हांक मारून आम्हीं सांगितलें, "तुझेंच बरोबर होतें." तिनें वरच्या चार शब्दांतून 'अबव्ह' निवडला, आईची माया सर्वांच्या वर, असा अर्थ बसला. मग वही पुढें करून म्हणाली, "आजोबा, आतां तुम्ही मोठ्यानें वाचा." आम्हीं वाचलें. या खेपेस डोळे मिटून तीच ऐकत होती.