आडवे होताच येणारा भ्रम : औषधाआधी प्रश्न हवा

अंबड, परतूर, भोकरदनकडून येणारे कित्येक रुग्ण 'आडवे झाले की घर फिरते' अशी तक्रार सांगतात. बहुतेकांच्या गळ्यात मानेचा पट्टा आणि खिशात चक्करेच्या गोळ्या असतात. 'मानेचा मणका', 'पित्त' वा 'रक्त कमी' हे निदान प्रश्न न विचारताच झालेले असते. वास्तविक रक्ताल्पतेची वा रक्तदाब उतरल्याची भोवळ प्रायः उभे राहताना येते आणि आडवे झाल्यावर शमते.

कूस बदलताच गरगर सुरू होऊन मिनिटाच्या आत थांबत असेल, तर कारण बहुधा अंतःकर्णात असते. तेथील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. डिक्स व हॉलपाईक यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या परीक्षेने, म्हणजे मान वळवून रुग्णास झटकन निजवून डोळ्यांची थरथर पाहिल्याने, ते ओळखता येते. जॉन एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्थितिबदलाच्या क्रियेने हे कण स्वस्थानी परततात. पुष्कळदा एक-दोन वेळा केल्यानेच रुग्णास आराम पडतो. गोळीने कण हलत नाहीत. उलट प्रोक्लोरपेराझिन वा सिनारिझिन दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांत कंप व ताठरता येऊ शकते.

चरकाचार्यांनी भ्रम वाताच्या ऐंशी विकारांत गणला. सुश्रुताचार्यांनी रज, पित्त व वात ही कारणे सांगितली. परंतु दोष कळला म्हणजे स्थान कळले असे नव्हे. स्थाननिश्चिती करणे हे शास्त्राशी प्रतारणा नसून शास्त्राचीच आज्ञा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून ही परीक्षा व क्रिया प्रत्येक वैद्याने जाणकाराकडून शिकावी. मानेचा वा मणक्याचा गंभीर विकार असल्यास मात्र ती टाळावी.

औषधविक्रेत्यांनाही विनंती आहे. सूतशेखरात पारद, वत्सनाभ व धत्तूरबीज आहे. 'चक्करेचे द्या' एवढ्यावर ते देऊ नये. भ्रम किती वेळ टिकतो, कोणत्या कुशीवर येतो, ऐकू कमी येते का, हे तीन प्रश्न विचारून रुग्णास वैद्याकडे पाठवावे.

स्वस्थ पडूनही भ्रम थांबत नसेल, किंवा वाणी अडखळणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातापायांतील बळ जाणे, चालता न येणे वा अकस्मात तीव्र शिरःशूल असेल, तर पक्षाघाताची शंका घेऊन रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात धाडावे. तेथे आपल्या औषधाची मात्रा ठरवीत बसणे म्हणजे रुग्णाचा अमूल्य वेळ दवडणे होय.