तिला कोणता हॉरर दाखवू?

लग्नांचा मोसम सरला की जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज सुरू होतात. कुणाला बदलीचा अर्ज लिहून हवा असतो, कुणाला बायकोच्या बीएडच्या प्रवेशाची माहिती. यंदा मात्र दोघा-तिघांनी एकच वेगळा प्रश्न विचारला. "आपा, तुम्हाला भुताचे पिक्चर आवडतात ना? हिनं आजवर एकही पाहिलेला नाही. पहिला कोणता दाखवू?" आणि पुढे हसणारं तोंड.

आवडतात, खरं आहे. धाडसारख्या गावात उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला ही आवड असावी याचं लोकांना नवल वाटतं. सिनेमा पाहावा की पाहू नये, हा वाद मी इथे घेत नाही. ज्यांच्या घरी पाहत नाहीत त्यांनी खुशाल पुढच्या पानावर जावं. पण ज्यांच्या घरी टीव्ही आहे, हातात मोबाइल आहे आणि नवरा-बायको रात्री इशानंतर तासभर काहीतरी पाहतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

मी उलट विचारलं, "ती कशाला घाबरते, हे विचारलंस का तिला?" एकानंही विचारलेलं नव्हतं. कोणता सिनेमा सगळ्यात भारी, हे त्यांना पाठ होतं. शेजारी बसणारीच्या मनात काय आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं.

त्या हसणाऱ्या तोंडामागे काय असतं तेही मला कळतं. १९८६ साली अमेरिकेत डॉल्फ झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या मुलामुलींवर एक प्रयोग केला होता. एकेका मुलाला एकेका मुलीशेजारी बसवून भीतीचा सिनेमा दाखवला. शेजारची मुलगी घाबरलेली दिसली की मुलांना सिनेमा जास्त आवडायचा. मुलींना मात्र शेजारचा मुलगा निर्धास्त असला की जास्त मजा यायची. म्हणजे पुष्कळ वेळा आपल्याला सिनेमा नको असतो, बायकोची किंकाळी हवी असते, तिनं हात घट्ट धरायला हवा असतो. यात काही फार वाईट आहे असं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षात हात धरायला निमित्त लागतंच. फक्त ती किंकाळी तिथेच संपणार आहे का, हे आधी बघायला हवं.

आपल्याकडे ती तिथे संपेलच असं नसतं. याचं कारण आपला मुलूख आहे. आमच्या धाडहून सैलानी काही लांब नाही. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा बुलडाणा जिल्ह्यातच नव्हे तर सबंध महाराष्ट्रात ठाऊक आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान सगळे जातात. आणि वर्षभर तिथे अशी माणसं आणली जातात ज्यांच्यावर 'असर' आहे, 'बाहेरची बाधा' आहे असं घरचे म्हणतात. घुमणाऱ्या, केस मोकळे सोडून ओरडणाऱ्या बायका आमच्या भागातल्या मुलींनी लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. कुणाची मावशी तिथे राहून आलेली असते, कुणाची चुलती. लोकांच्या अकीदतीवर मला इथे बोलायचं नाही. मला इतकंच म्हणायचं आहे की मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला बाधेचा सिनेमा ही एक गोष्ट वाटते, आणि आमच्याकडच्या मुलीला ती आठवण वाटू शकते.

माझ्या माहितीतल्या एका घराचं सांगते. मुलगी नवी, लग्नाला चार महिने झालेले. नवऱ्यानं मोबाइलवर जिनांचा एक परदेशी सिनेमा दाखवला, इअरफोन लावून, दिवा बंद करून. पुढे दोन आठवडे ती रात्री झोपेना. अंगणातल्या संडासला एकटी जाईना. झोपेत ओरडायची. नवऱ्याला कारण ठाऊक होतं, पण आईसमोर "मी असलं दाखवलं" हे सांगायची त्याला लाज वाटली. तो गप्प राहिला आणि घरात ठरलं की सुनेवर काहीतरी आहे, माहेराहूनच घेऊन आली असेल. झाडफूक झाली, तावीज झाले, सोयरिकीत बोभाटा झाला. शेवटी मुलीच्या भावानं तिला बुलडाण्याला डॉक्टरकडे नेलं आणि गोष्ट निवळली. अडीच तासांचा सिनेमाही नव्हता तो. पण 'बाधा झालेली' हा शिक्का आजही एखाद्या भांडणात वर येतो.

भूत उतरवण्याच्या बहाण्यानं कुणाला दोरानं, साखळीनं बांधणं किंवा मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या मुलीवर तशी वेळ आली नाही, एवढं नशीब. तर 'पहिला कोणता दाखवू' या प्रश्नामागे एवढं सगळं उभं आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं असतं की सुरुवात बाधेच्या आणि जिनांच्या सिनेमानं करू नका, तो कितीही गाजलेला असो.

सुरुवात करावी जुन्या हिंदी सिनेमांनी, आणि हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. 'महल' (१९४९), 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी' (१९६४) या तिन्हींत भीती आहे ती हवेलीची, धुक्याची, पैंजणांच्या आवाजाची, पांढऱ्या साडीतल्या बाईची. गाणी मध्ये येतात आणि जीव भांड्यात पडतो. नव्या माणसाला अशा विसाव्याच्या जागा फार लागतात. शिवाय तिन्हींत शेवटी माणूसच निघतो. साठ-सत्तर वर्षं झाली, म्हणून हे सांगितल्यानं कुणाचं नुकसान नाही. उलट बाजूला बसणारी फार धास्तावलेली असेल तर आधीच सांगून टाकावं, "यात भूत नाही." मग ती सिनेमाकडे कोडं म्हणून बघते आणि कोडं सुटताना भीती आपोआप विरते.

तिन्हींत मी 'वो कौन थी' आधी निवडीन. राज खोसलांचा सिनेमा, साधना आणि मनोजकुमार. पावसाळी रात्र, गाडीत बसलेली अनोळखी बाई आणि पुढे कब्रस्तान. सुरुवातीचं ते एवढंसं दृश्य आजही अंगावर काटा आणतं. 'बीस साल बाद' थोडा संथ आहे, पण वहिदा रहमान आहे, हेमंतकुमारांचं संगीत आहे.

'महल' कमाल अमरोहींचा, दिग्दर्शक म्हणून पहिलाच. अशोककुमार, मधुबाला. लता मंगेशकरांचं नाव घराघरांत पोचवणारं गाणं यातलंच. या सिनेमात मला भुतापेक्षा नायकाच्या बायकोचं फार वाईट वाटतं. नवरा पडछायेच्या मागे लागलेला आणि ही त्याच्या मागे फरफटत गेलेली, घर नाही की दोन शब्द नाहीत. नव्या जोडप्यानं तो सोबत पाहावा आणि त्या बायकोबद्दल बोलावं. भुताबद्दल नंतर बोलता येईल.

जुने सिनेमे काळे-पांढरे म्हणून नको असतील तर 'स्त्री' (२०१८). चंदेरी गावातली गोष्ट, आणि रात्री बाहेर पडायला घाबरतात ते पुरुष! बायकांनी आरामात फिरावं, पुरुषांनी दार लावून बसावं, हे पाहताना आमच्या घरातल्या सगळ्या बायका इतक्या हसल्या की भ्यायचं राहूनच गेलं. मराठीत 'झपाटलेला' (१९९३) आहेच. महेश कोठारेंचा सिनेमा, लक्ष्मीकांत बेर्डे आणि रामदास पाध्यांचा तो बाहुला. आमच्या पिढीला तात्या विंचू ठाऊक नाही असं घर नसेल. नवीन सुनेसोबत धाकटा दीर, नणंद सगळे बसले तरी चालतं.

तिसरी पायरी म्हणून मी 'भूल भुलैया' (२००७) सांगते, पहिला भाग, प्रियदर्शनचा. मल्याळममधल्या १९९३ च्या 'मणिचित्रताळु'वरून तो केलेला आहे. आमच्या भागात हा सिनेमा दाखवण्याचं वेगळं कारण आहे. यात घरची सून विचित्र वागू लागते, सगळे भूत म्हणतात, आणि बाहेरून आलेला मानसोपचाराचा डॉक्टर म्हणतो की ही आजारी आहे. त्याचे उपाय अगदीच फिल्मी आहेत, कोणताही खरा डॉक्टर असलं नाटक उभारणार नाही. पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. डॉक्टरचं ऐकल्यावर नवरा तिला माहेरी धाडत नाही, तिच्या बाजूनं उभा राहतो. हा सिनेमा सासूबाईंनाही सोबत घेऊन पाहा.

आता कसा पाहावा. घाबरवतो तो आवाज, चित्र नव्हे. खात्री करायची असेल तर एखादं भीषण दृश्य आवाज बंद करून बघा, हसू येतं. म्हणून नव्या माणसाला इअरफोन कधीच देऊ नये. टीव्हीवर लावावा, आवाज बेताचा, खोलीत ट्यूबलाइट चालू. शक्यतो रविवारी दुपारी, म्हणजे संध्याकाळ व्हायच्या आत अंगणात माणसांची ये-जा दिसते, चहा होतो, कुकरच्या शिट्ट्या होतात आणि मन जागेवर येतं. आणि रिमोट नव्या माणसाच्या हातात. तिनं बंद केला की बंद. "एवढ्याला घाबरलीस?" हे वाक्य बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी मित्रांत सांगायचंही नाही. अर्धा पाहून पुढच्या रविवारी उरलेला पाहिला तर सिनेमा काही पळून जात नाही.

काही सिनेमे मागे ठेवावेत, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी, एकमेकांचा अंदाज आल्यावर. 'तुंबाड' (२०१८) फार सुंदर आहे, पाऊस आणि लोभ यांचा सिनेमा. त्याच्या कल्पनेचं मूळ नारायण धारपांच्या कथेत आहे हे मराठी वाचणाऱ्यांना आवडेल. पण त्यातली आजी पहिल्या फटक्यात झेपत नाही. 'लपाछपी' (२०१७) माझ्या मते अलीकडच्या मराठी भीतिपटांत सगळ्यात दमदार. उसाच्या फडातलं एकाकी घर, पोटुशी बाई, आणि मुलगी नको म्हणणाऱ्या समाजाचं पाप. पूजा सावंतचं काम पाहण्यासारखं. हा सिनेमा घरात कुणी दोन जिवांची असेल, किंवा नुकतंच मूल गेलेलं असेल, तर लावूच नका. पोस्टर पाहून हे कळत नाही, म्हणून आधी कथा वाचावी. सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवरूनही कळत नाही. २०२४ पासून तिथे यूए ७, यूए १३, यूए १६ असे भाग पडले, ते बरंच झालं, पण ते मुलांच्या वयासाठी आहेत. तुमच्या बायकोनं गेल्या वर्षी काय सोसलं, ते सेन्सॉरला कसं ठाऊक असणार?

रामसे बंधूंचे 'पुराना मंदिर', 'वीराना' यांची आता गंमत वाटते, पण भीतीच्या नावाखाली भलतीच दृश्यं इतकी की घरात बसून पाहायची सोय नाही.

आणि जिनांचे सिनेमे. तुर्कस्तानचे 'सिज्जिन', 'दब्बे' तरुण पोरांच्या मोबाइलवर मी पाहिले आहेत. 'कॉन्ज्युरिंग'मधला क्रॉस आणि तिथले पाद्री आपल्याला परके असतात, ती भीती आपल्या उंबऱ्यापाशी थांबते. या तुर्की सिनेमांत मात्र अमलियात, तावीज, अरबी अक्षरं, सगळं आपल्या ओळखीचं. 'सिज्जिन' हा शब्दच कुरआनातला आहे. ज्या शब्दांनी लहानपणापासून रात्री धीर दिला, त्यांच्याच आसपास भीती पेरली की ती खोल जाते, आणि मग धीरासाठी हात घालायला जागा उरत नाही. मी स्वतः हे सिनेमे कुणाला सुचवत नाही. याच विषयावरचा चांगला सिनेमा पाहायचाच असेल तर बाबक अन्वरी यांचा फारसी 'अंडर द शॅडो' (२०१६) आहे. इराण-इराक युद्धातलं तेहरान, वर क्षेपणास्त्रं पडताहेत, आणि घरात आई आणि लहान मुलगी. जिन खरा की युद्धानं पोखरलेलं मन खरं, हे तो शेवटपर्यंत कळू देत नाही. पण तोही अगदी शेवटी.

हे सगळं मी नवऱ्यांना उद्देशून लिहिलं, कारण प्रश्न त्यांनी विचारला. नवखी व्यक्ती नवराही असू शकते. आमच्या घरी तसंच आहे. मुलांच्या अब्बांना भीतीचा सिनेमा लागला की अचानक मोबाइलमध्ये महत्त्वाचं काम निघतं, नाही तर गेटची कडी तपासायची असते. पुरुषाला "मला भीती वाटते" म्हणायची मुभा आपल्याकडे नाही, म्हणून तो असे मार्ग काढतो. अशा वेळी बायकांनी हसू नये. "मलाच नको वाटतंय, बदलू का?" असं म्हणून चॅनल बदलावं. त्यांना बरं वाटतं, आपलंही काही जात नाही. त्यांच्यासाठी मी 'झपाटलेला' ठेवला आहे, तो ते शेवटपर्यंत बसून पाहतात.

आणि कुणाच्या बाबतीत सिनेमानंतर आठ-दहा दिवस झोपच आली नाही, एकटं राहवेना, छाती धडधडत राहिली, तर आधी घरात खरं सांगावं की अमुक सिनेमा पाहिला होता. ज्यानं दाखवला त्यानंच सांगावं, मोठ्यांसमोर, तिच्या आधी. मग जिल्हा रुग्णालयात जावं, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर फिरवावा. फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.