धुराड्याचा तडा आणि जाळावरचा आळ

चुलीच्या धुराड्याला तडा गेला की घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "जाळ फार लागतो." दुसरी : "मिस्त्रीने माल कच्चा घातला." मग मूठभर सिमेंट कालवले जाते, फट बुजते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर जुन्या लिंपणाच्या शेजारीच नवी फट उघडते. जाळावरचा हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो, आणि सिमेंटचा उपाय तर त्याहून खोटा.

पाटोदा तालुक्याचेच पाहा : तो बालाघाटाच्या डोंगररांगेत वसला आहे. माथ्याकडे मुरूम, उतरत्या रानात आणि नदीकाठी काळी माती. ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. एका घराचे जोते मुरमावर, दुसऱ्याचे काळीवर. मिस्त्री एकच, माल एकच, तरी धुराडे चिरते ते काळीवरच्या घरातले. भिंतीचा पाया रुंद आणि त्यावर भारही मोठा. चुलीचा ओटा आणि त्यावरचे धुराडे मात्र वीतभर खोलीवर उभे असते. दोघे सारखे हलत नाहीत, म्हणून सांध्यातून चीर जाते. पागोळीचे किंवा मोरीचे पाणी त्या कोपऱ्यात मुरत असेल, तर ती लवकर जाते.

थंड देशांत विटांच्या चिमण्या फुटण्यामागे बऱ्याचदा पाणीच असते. तिथे ते फटीत गोठते आणि गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. पाटोद्यात बर्फ नाही, म्हणून पाण्याला निर्दोष ठरवणे चूक आहे. इथे ते जमिनीतून काम करते.

तड्याची जागा नीट पाहिली तरी बरेच कळते. दोष निव्वळ जाळाचा असता, तर सगळ्यात मोठी भेग आच लागते तिथे, वैलाच्या मागे पडली असती. पुष्कळदा ती पडते छताशी. पत्रा उन्हाने तापून पसरतो, रात्री आखडतो. त्याच्या भोकात धुराड्याचा नळ सिमेंटने जाम बसवलेला असतो. हालायला जागाच नाही. नळाभोवती बोटभर मोकळी जागा सोडून वर पत्र्याची झालर बसवली, तर पाऊसही आत येत नाही आणि ताणही बसत नाही.

जाळाला अगदीच मोकळे सोडता येणार नाही. ओल्या बांधकामावर पहिल्याच दिवशी मोठा जाळ घातला, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती बांधकाम फोडते. पेटत्या चुलीवर पाणी ओतून निखारे विझवले, तर तापलेला भाग अचानक आखडतो. ओल्या पऱ्हाट्या जाळल्या की धुराड्यात काजळीचा थर साचतो. तो थर पेटला तर आच नेहमीच्या कितीतरी पट चढते. पण या तिन्ही ठिकाणी दोष आगीचा नाही, हाताळणीचा आहे.

मातीच्या चुलीला रोज पोतेरे फिरायचे. त्याकडे नुसती स्वच्छता म्हणून पाहणे हा आपल्या आजीच्या हुन्नरावर अन्याय आहे. शेणमातीचा तो पातळ हात केसाएवढी भेग त्याच दिवशी बुजवायचा, आणि ती माती चुलीच्याच जातीची असल्याने तिच्याबरोबर फुगायची, आखडायची. मऊ मातीवर कडक सिमेंट थापले की दोघांची जोडी जमत नाही. पापुद्रा सुटतो आणि मागे ओल कोंडते.

हा प्रश्न डागडुजीपुरता नाही. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२ मध्ये तो थांबला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर आले, तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी अनेक घरांत अजून चुलीवरच होतात. फुटक्या धुराड्यातला धूर बाहेर न जाता तव्यासमोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून "चालतंय तसं चालू दे" हे बोलणे मान्य करता येत नाही.

सिमेंट कालवण्याआधी एवढे करावे : वैशाखात तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक खूण करून मधले अंतर मोजावे आणि शेजारी तारीख लिहावी. दसऱ्याला पुन्हा मोजावे. अंतर तेवढेच असेल, तर चुन्याचे किंवा मातीचे लिंपण पुरते. कमीजास्त झाले असेल, तर आधी पागोळीचे पाणी घरापासून लांब काढावे, छताशी जाम झालेला नळ मोकळा करावा आणि मगच थापी हातात घ्यावी.