घरपट्टीची नोटीस आणि घरांतील बेफिकिरी

सुशिक्षित कुटुंबांत मुलांच्या परीक्षांचा आणि लग्नकार्यांचा जितक्या बारकाईनें विचार होतो, त्याच्या शतांशानेंही घरपट्टीच्या कागदांचा होत नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार दिवस खटकत आली आहे. वडिलोपार्जित घराच्या तळमजल्यावर एखादें दुकान असतें. त्याच्या भाड्यावर वृद्ध आत्याबाईंचें औषधपाणी किंवा पुतण्याचें शिक्षण चालतें. महानगरपालिकेची नोटीस मात्र कैलासवासी आजोबांच्या नांवानें येते, कोणी तरी ती फडताळांत टाकून देतो, आणि पुढें वाढीव बिल हातीं पडलें म्हणजे घरांत एकच हलकल्लोळ उडतो. "अपील करूं," असें वडील मंडळी म्हणतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, अशा अपिलाचा निकाल बहुधा न्यायालयांत लागतच नाहीं; नोटीस फडताळांत गेली त्याच दिवशीं तो लागून चुकलेला असतो.

हें कसें, तें कळण्यासाठीं कर कोणत्या पायावर बसतो, हें आधीं पाहिलें पाहिजे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमानें घातलेला मूळ पाया असा: इमारत वर्षाच्या बोलीनें दिल्यास वाजवीपणें जें भाडें येईल, त्यांतून दुरुस्ती वगैरेंसाठीं शेंकडा १० वजा करून उरेल तें करयोग्य मूल्य. दुकानाचें वाजवी वार्षिक भाडें १,२०,००० रुपये धरलें, तर करयोग्य मूल्य १,०८,००० रुपये होतें, आणि त्यावर ठराविक दरानें कर बसतो. मुंबईबाहेरील महानगरपालिकांसाठीं झालेल्या १९४९ च्या अधिनियमाचा मूळ पायाही हाच.

पुढें भाडेनियंत्रणामुळें जुन्या इमारतींचीं भाडीं गोठलीं, आणि त्यांबरोबर करही गोठला. शेजारीशेजारीं असलेल्या सारख्याच दोन दुकानांचा कर निरनिराळा भरूं लागला. ही विषमता घालविण्यासाठीं विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली, आणि मुंबईंत १ एप्रिल २०१० पासून भाड्याच्या जागीं भांडवली मूल्याची पद्धत आली. मुद्रांक शुल्कासाठीं शासन बाजारभावांचे जे तक्ते काढतें, ते या मूल्याचा आधार होत. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचें वय आणि जागेचा वापर हींही त्यांत धरलीं जातात. वापर हा शब्द दुकानमालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. २०२२ सालीं मुंबईंत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांस करमाफी मिळाली ती राहत्या घरांस. तेवढ्याच आकाराच्या दुकानास नव्हे. म्हणून राहती खोली चुकून दुकान म्हणून नोंदली गेल्यास तो नुसता लेखनदोष राहत नाहीं; त्याचा भुर्दंड दरवर्षीं पडतो.

तक्ते आणि नियम चुकत नाहींत, असेंही नाहीं. भूखंडावर पुढेंमागें किती बांधतां येईल, तें आजच्या मूल्यांत धरणारे नियम मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ मध्यें तो निर्णय कायम केला. भांडवली मूल्याची पद्धत टिकली. परंतु कर जें आज उभें आहे त्यावर बसावा, उद्यां उभें राहूं शकेल त्यावर नव्हे, हें तत्त्व प्रस्थापित झालें. मालकांनीं वेळींच हरकत घेतली नसती, तर हें कधींच घडलें नसतें.

आतां हरकतीचा मार्ग पाहूं. मालमत्ता प्रथमच नोंदली गेली किंवा तिचें मूल्य वाढविलें, तर तशी खास नोटीस द्यावी लागते. तींत दिलेल्या दिवसाच्या आंत लेखी तक्रार आयुक्तांच्या कचेरींत पोंचली पाहिजे, आणि तींत कारणें थोडक्यांत पण संपूर्ण मांडलीं पाहिजेत. त्यावर सुनावणी होते. निर्णय न पटल्यास मुंबईंत लघुवाद न्यायालयाकडे अपील करतां येतें. परंतु मूल्याविरुद्धचें अपील ऐकलें जाण्यास ज्या अटी आहेत, त्यांत या दोन येतात. आधीं तक्रार केलेली असली पाहिजे, आणि मागितलेली रक्कम भरलेली असली पाहिजे. ज्यानें नोटिशीस उत्तरच दिलें नाहीं, त्याची पहिल्याच पायरीवर गाडी अडते.

रक्कम आधीं भरण्याच्या अटीविषयीं आम्हांस स्पष्ट लिहिणें भाग आहे. अहमदाबादच्या गिरण्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९७५ सालीं ही अट वैध ठरविली. अपिलाचा हक्क कायद्यानें दिलेला, म्हणून त्यास कायदा अटी घालूं शकतो, असा त्याचा आशय आहे. तें तर्कशुद्ध आहे. तथापि गिरणीमालकास जी अट केवळ हिशेबाची बाब, ती एका दुकानाच्या भाड्यावर चालणाऱ्या संसारास दार बंद करणारी ठरते. लहान मालकांकडून निर्विवाद रकमेपुरतीच अनामत घ्यावी, अशी दुरुस्ती विधिमंडळानें करावी, असें आमचें मत आहे.

कर चुकविण्याचा उपदेश आम्ही करीत नाहीं. रस्ते, पाणी आणि शाळा याच पैशांतून उभ्या राहतात. न्याय्य कर बिनतक्रार द्यावा, अन्याय्य कराविरुद्ध मुदतींत बोलावें. त्यासाठीं घरांतील एका कर्त्या माणसाकडे, मग ती सूनबाई कां असेना, हें दप्तर सोंपवावें. कैलासवासी झालेल्यांचीं नांवें खात्यांतून बदलून घ्यावींत, क्षेत्रफळ व वापर यांची नोंद प्रत्यक्षाशीं ताडून पाहावी, आणि नोटीस आली कीं तिच्यावर आल्याची तारीख लिहावी. हें काम फार तर एका दुपारचें आहे. तें न केल्यास त्याची किंमत पुढची पिढी दरवर्षीं मोजीत राहते.