डब्यातला पंचबोल

मंडळी, आज जरा रागातच लिहायला बसलोय. अकोल्याच्या नातलगांनी अवश्य वाचावं, पण फोन करून माझी समजूत घालू नये.

माझ्या नातवानं, म्हणजे मुलीच्या मुलानं, दिवाळीच्या सुट्टीत इथे अमरावतीला राहून गिटारसाठी टेप इको बनवला. एका हेडनं आवाज टेपवर भरायचा, पुढच्या हेडनं तोच क्षणभरानं वाजवायचा आणि फेरी पूर्ण व्हायच्या आत पुसून टाकायचा. युक्ती जुनीच. लंडनच्या चार्ली वॉटकिन्सनं १९५८ मध्ये असं ‘कॉपीकॅट’ नावाचं यंत्र बाजारात आणलं होतं.

पोरानं माझा बंद पडलेला कॅसेटचा टेपरेकॉर्डर उघडला. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. तीन दशांश सेकंदानं प्रतिध्वनी हवा, तर दोन हेडमधलं अंतर जेमतेम १.४ सेंटिमीटर! स्पूलच्या टेपला १९ सेंटिमीटर वेग धरला, तर तेच पावणेसहा लागतं. म्हणून सगळा कारभार बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावला. उघड्यावर एवढ्या उशिरानं आवाज परत यायचा, तर समोरचा कडा ५१ मीटरवर हवा. चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंटवर आरोळी ठोकून आलेल्यांना कळेल मी काय म्हणतो ते. परत आलेला आवाज थोडा पुन्हा टेपवर सोडला, की डब्यातही एकाचे पाच बोल होतात. जास्त सोडला, की नुसती किंचाळी! ‘‘कायचं भूत आणलं बापा घरात?’’ हिनं देवघरातून विचारलं.

टेपचा सांधा आधी सरळ कापला होता. दर फेरीला ‘ठक’. तिरपा कापल्यावर तो आवाज दबला. दोन दिवस गेले त्यात.

आणि कॉलेजातले परीक्षक काय म्हणाले? ‘‘हे मोबाइलमध्ये फुकट मिळतं.’’ दुकानातून तयार प्रोजेक्ट आणणाऱ्यांना याच्यापेक्षा जास्त गुण! १.४च का, एवढं एकानंही विचारलं नाही. मग तपासलं काय?

मोबाइलचा इको स्वच्छ असतो, कबूल. आमचा थरथरतो, हेड सारखं स्पिरिटनं पुसावं लागतं. पण मी मराठी माध्यमातला बी.ए., भाषेचा मास्तर. विज्ञानाचे सर रजेवर असले, की प्रतिध्वनीसाठी भिंत १७ मीटर लांब हवी, हे मुलांकडून घोकून घ्यायचो. का, ते मला तरी कुठे कळलं होतं? कळलं ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी, या डब्यापाशी. घोकलेल्या त्या मुलांची मला आता लाज वाटते.

परीक्षक परके, त्यांचं सोडा. आमचे जावईबापूही तेच म्हणतात, ‘‘मामाजी, कायले वेळ घालवू देता त्याले?’’ पोराचा हात पहिल्यांदा कशाला तरी लागला होता हो! आता तो सोल्डरिंगला हात लावत नाही, आणि डबा माळ्यावर गेला म्हणे.

रविवारी मी अकोल्याला येतोय, डबा न्यायला. भंगारवाल्याला दिला असेल तर आधीच कळवा. अर्ध्या तिकिटाचे का होईना, एसटीचे पैसे वाचतील.