केइकीला केइकीच म्हणा

गेल्या पावसाळ्यात आमच्या मावशीच्या गच्चीतल्या डेंड्रोबियमने एक गंमत केली. पाने गळून गेलेल्या जुन्या दांड्याच्या पेरावर फुलांचा तुरा यायचा, तिथे दोन इवलीशी पाने फुटली आणि पाठोपाठ पांढरी मुळे हवेत लोंबू लागली. ऑर्किडवाल्यांना यात नवल नाही. पाणी आणि नत्रखत जास्त झाले की फुलाच्या डोळ्यातून कधीकधी रोपच येते. मुळे दीड-दोन इंच वाढली की ते कापून वेगळ्या कुंडीत लावायचे. आईचे हुबेहूब दुसरे झाड तयार!

नवल वाटले ते त्याच्या नावाचे. रोपवाटिकेतला माणूस त्याला ‘कायकी’ म्हणाला. मावशीच्या ओळखीचे एक हौशी गृहस्थ ‘कीकी’ म्हणाले, आणि तेही मोठ्या खात्रीने. शेवटी मावशीने तिचे इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे टाकले. “तू भाषाविज्ञान शिकतेस ना? मग सांग बघू, हे म्हणायचं कसं?”

म्हणायचे ‘केइकी’. ‘के’ला ‘इ’ चिकटून येतो आणि जोर त्याच अक्षरावर पडतो. शब्द हवाई बेटांच्या मूळ भाषेतला आहे आणि त्याचा साधा अर्थ मूल. अळूच्या बुडातून फुटणाऱ्या कोंबालाही हवाईयन लोक केइकी म्हणत आले आहेत. आपण केळीच्या कोंबाला पील म्हणतो, तशातलाच हा प्रकार. तेव्हा ही काही ऑर्किडवाल्यांनी काढलेली कविकल्पना नव्हे. गंमत अशी की हवाईची स्वतःची म्हणावीत अशी रानऑर्किडे मोजून तीनच, तीही डोळ्यांत न भरणारी. आज हिलो शहराच्या परिसरात जी ऑर्किडे फुलतात ती सगळी बाहेरून आणलेली. झाडे बाहेरून आली आणि शब्द तिथून जगभर गेला. आता तर पेरावर चोळून रोप फुटवायच्या मलमालाही ‘केइकी पेस्ट’ म्हणतात.

यावर आमच्या कॅंटीनमध्ये वाद झाला. “कीकी म्हटलं काय नि कायकी म्हटलं काय, झाडाला कळतं का?” असा एकाचा सवाल. दुसऱ्याचा मुद्दा अधिक वजनदार होता. फॅलेनॉप्सिस, पॅफिओपेडिलम ही नावे तरी आपण कुठे धड उच्चारतो? आणि बटाटा, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून घेतले, तेव्हा त्यांच्या उच्चाराची चौकशी करायला कोण गेले होते? शब्द घेणारा तो आपल्या तोंडाप्रमाणे वळवणारच. खुद्द हवाईयन लोकांनी ‘ऑर्किड’चे काय केले? ‘ओकिका’! आणि ‘मेरी ख्रिसमस’चे ‘मेले कालिकिमाका’!

मला हा युक्तिवाद पटत नाही. हवाईयन भाषेत र नाही, ड नाही, दोन व्यंजने सलग येत नाहीत, शब्दाचा शेवट व्यंजनाने होत नाही. ‘ऑर्किड’ जसाच्या तसा त्या तोंडात बसणेच शक्य नव्हते. त्यांनी जमेल तसा तो बसवून घेतला. आपल्याला मात्र के, इ, की यांतले काय जमत नाही? तरी आपण ‘कीकी’ म्हणतो, याचे कारण एवढेच, की आपण हा शब्द हवाईयन माणसाच्या तोंडून ऐकलेला नसतो, इंग्रजी अक्षरांतून वाचलेला असतो. म्हणजे आपण तो आपल्या तोंडाप्रमाणे वळवीतच नाही. इंग्रजाच्या चुकीची नक्कल करतो! शीवचे ‘सायन’ कसे झाले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

लॅटिन नावांची गोष्ट वेगळी. ती कशीही म्हणा, आज कोणत्याही घरातली आई लॅटिनमधून मुलाला हाक मारीत नाही. हवाईयनमधून मारते. आणि ती हाक जवळजवळ बंद पडली होती, हे कळल्यापासून मला हा शब्द हलका वाटेनासा झाला.

१८२० साली अमेरिकन मिशनरी हवाईत आले. त्यांनी या भाषेला रोमन लिपी दिली आणि १८२६ साली चक्क मतदान घेऊन कोणती अक्षरे ठेवायची ते ठरविले. लोक झपाट्याने वाचू लागले, त्या शतकात हवाईयन भाषेत वृत्तपत्रांची रीघ लागली. मग १८९३ साली राणी लिलिउओकलानीला पदच्युत करण्यात आले आणि १८९६ च्या कायद्याने शाळांतले शिक्षण इंग्रजीत झाले. शाळेत हवाईयन बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. आईबापांनीच मग मुलांशी ती भाषा बोलणे सोडले. १९८० च्या सुमारास, निइहाऊ हे चिमुकले खासगी बेट सोडले, तर ही भाषा घरी बोलणारी मुले शोधावी लागत होती. १९७८ साली राज्यघटनेने हवाईयनला इंग्रजीच्या बरोबरीने राजभाषा केले. १९८४ साली काउआइ बेटावर पहिली ‘पूनाना लेओ’ बालवाडी निघाली. पूनाना म्हणजे घरटे, लेओ म्हणजे आवाज. तिथे मुलांशी फक्त हवाईयनच बोलतात.

म्हणजे ज्या वर्षांत ‘मूल’ हा शब्द देशोदेशींच्या काचघरांतून ऐकू येत होता, त्याच वर्षांत त्या भाषेला मुले उरली नव्हती. तो शब्द उच्चारताना निदान इतके तरी ठाऊक असावे, की मागे माणसे आहेत.

एका बाबतीत मात्र मी सवलत देते. या भाषेत एक व्यंजन असे आहे, जे आपल्या वर्णमालेत नाही. त्याला ‘ओकिना’ म्हणतात. घशात श्वास क्षणभर अडवायचा आणि सोडायचा. लहान मूल नको म्हणताना ‘अं-अं’ करते, त्या दोन ‘अं’च्या मध्ये जो आचका असतो, तोच हा. मिशनऱ्यांनी त्याला अक्षर दिले नाही. पुढे तो उलट्या स्वल्पविरामासारख्या खुणेने लिहू लागले, पण ऑर्किडांच्या नोंदणीत तो गाळलेलाच असतो. ‘मोआ’ म्हणजे कोंबडी आणि ‘मो’आ’ म्हणजे शिजलेले, तेव्हा स्वयंपाकघरात तरी आचका विसरून भागणार नाही! ‘लानाइ’ म्हणजे व्हरांडा, जिथे कुंड्या टांगतात, आणि ‘लाना’इ’ हे बेट. ब्रासावोला नोडोसा आणि कॅटलिया बोवरिंगियाना यांच्या एका प्रसिद्ध संकराचे नाव ‘मायकाइ’ असे नोंदले आहे. ते खरे ‘माइका’इ’, म्हणजे छान. कुंड्यांत घालायचा वृक्षनेच्याचा तंतू म्हणजे ‘हापु’उ’. त्याला कोणी ‘हापू’ म्हटले तर मी भांडणार नाही. तो आचका मलाही आठ दिवसांच्या सरावानंतर जमला, आणि अजून मावशी म्हणते की मला उचकी लागली आहे.

पण ‘केइकी’त आचका नाही. त्यात मराठी जिभेला अडेल असे काहीच नाही. हवाईयनमधला ‘व’ इंग्रजीच्या दोन्ही ‘व’च्या मध्ये कुठेतरी हिंडतो. तिथे इंग्रज अडखळतो, आपण ‘हवाई’ म्हणताना अडखळतही नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद त्यांना स्वरावर आडवी रेघ देऊन दाखवावा लागतो, आपल्या लिपीत तो घरचाच आहे. मग हे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, इंग्रजी रीतीने वाचून, पुन्हा मराठीत चुकीचे आणायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? रोपवाटिकांच्या पाट्या, बागकामाची पुस्तके, प्रदर्शनातली चिठोरी, सगळीकडे ते सरळ देवनागरीत लिहावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

मावशीने तसे केले. नवे रोप कुंडीत लावले तेव्हा तिने आइस्क्रीमच्या काडीवर ‘केइकी’ आणि खाली तारीख लिहून ती काडी कुंडीत खोचली. पंधरा दिवसांनी रोपवाटिकेतला तोच माणूस खत द्यायला आला. त्याने वाकून काडी वाचली, “केइकी लागली वाटतं,” म्हणाला, आणि पाणी जरा कमी घालायला सांगून जिना उतरून गेला.